सुगराबींच्या ओळीतून काढलेला ळ

खिळा म्हटले की तुम्हाला लगेच हातोडी आठवेल. पण मित्रांनो, भिंतीत ठोकतात तो खिळा मी नव्हे. मी छापखान्यातला खिळा. शिशाचा, बोटाच्या एका पेराएवढा उंच, आणि माझ्या माथ्यावर एक अक्षर उठवलेले आहे: ळ. ते उलटे आहे, आरशात पाहिल्यासारखे, कारण मी उलटा असतो तेव्हाच कागदावर सुलटा उमटतो. आता मी म्हातारा झालो आहे, कडा झिजल्या आहेत, आणि कित्येक वर्षांत मी शाईला शिवलेलो नाही. तरी माझी हकिकत ऐकण्यासारखी आहे असे मला वाटते. मला स्वतःबद्दल तसे नेहमीच वाटत आले आहे, तो माझा स्वभाव आहे.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईच्या एका कारखान्यात वितळलेले शिसे साच्यात ओतून मला घडवले. जन्मलो तेव्हा हात लावला तर चटका बसेल इतका गरम होतो, आणि तो ताठा पुढे बरीच वर्षे टिकला. तिथून आम्हा भावंडांना कागदाच्या पुड्यांत बांधून पुण्याला, शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात आणले. तिथे खणाखणांचा एक मोठा लाकडी ट्रे होता. त्याला केस म्हणत. केसमध्ये प्रत्येक अक्षराचे आपले घर. र ला ऐसपैस, ल ला बऱ्यापैकी, आणि मला कोपऱ्यातले छोटेसे. पण घर लहान म्हणून मी कधी मान खाली घातली नाही. मी नसतो तर दिवाळीची दिवाली झाली असती, पुरणपोळीची पुरणपोली, आणि गूळ गूल होऊन बसला असता. हिंदीवाल्यांचे माझ्यावाचून चालते, इंग्रजीवाल्यांचे तर चालतेच. बोलणाऱ्याची मराठी आपली की परकी हे लोक माझ्यावरून ओळखतात, असे मी शेजारच्या ण ला रोज ऐकवत असे. ण बिचारा समजूतदार होता.

खिळे उचलून त्यांच्या ओळी जुळवणाऱ्या माणसाला जुळारी म्हणत. आमचा जुळारी संपत. तो हडपसरहून सायकल मारत यायचा, आल्या आल्या माठातले गार पाणी प्यायचा आणि कामाला लागायचा. हस्तलिखितावरची नजर न हलवता त्याने केसमध्ये हात घातला, तरी नेमके हवे तेच अक्षर बोटांत येई. ओळी जुळवून झाल्या की त्यांवर शाई फिरवून एक कच्चा कागद काढत. त्याला प्रूफ म्हणत. ते प्रूफ जाई दिगंबरपंतांकडे.

दिगंबरपंत आमचे मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका शोधणारे. तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते. चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर अंगातला ताप उतरल्यासारखे समाधान दिसे. एका कवीला ते म्हणाले होते, "आपल्या कवितेत एकच चूक आहे. पहिल्या ओळीत सुरू होते आणि शेवटच्या ओळीत संपते." असे असले तरी माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातून गेलेल्या पुस्तकात एक वेलांटी इकडची तिकडे होत नसे.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. एकाने हस्तलिखितावर बोट ठेवायचे आणि पंतांनी प्रूफ मोठ्याने वाचायचे, तेही चिन्हांसकट. "आईने डोळे पुसले स्वल्पविराम आणि ती हुंदके देऊ लागली पूर्णविराम," असे ते एका सुरात वाचत. गोष्टीतले कोणी मेले तरी त्यांचा पूर्णविराम चुकत नसे. आम्ही खिळे मात्र गोष्टच वाचायचो. आम्हाला तेवढाच विरंगुळा होता.

एकसष्ट साली पानशेतचे धरण फुटले आणि नदी पेठेत शिरली. आमच्या केस पालथ्या झाल्या, आणि मराठीची सगळी बाराखडी चार दिवस चिखलात पडून होती. नंतर संपत आणि मंडळींनी आम्हाला चाळण्यांत घालून धुतले, पुसले आणि आपापल्या घरी सोडले. त्या गडबडीत मला चुकून ल च्या घरात टाकले. तो आठवडा मी अपमानाने काढला. बाहेर माणसांची घरे गेली होती आणि मी खणावरून रुसलो होतो, हे आज सांगतानाही लाज वाटते.

पुरानंतर दोन-अडीच वर्षांनी हुस्नबानूबाई छापखान्यात आल्या. तिशी ओलांडलेल्या, सुती पातळ, हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या एका शाळेत मराठी शिकवत. त्यांनी कादंबरी लिहिली होती, आयुष्यातली पहिलीच. मालकांनी ती वाचली, आवडली म्हणाले आणि स्वतःच छापायला घेतली.

हस्तलिखित पाहून संपत हसला. रद्दीत जायच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर बाईंनी कादंबरी लिहिली होती. एका बाजूला मुलांची उत्तरे आणि बाईंची लाल शाई, दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत गोष्ट. पान उलटले की 'काळजी' ऐवजी 'कालजी' लिहिणाऱ्या कुणाचा तरी अर्धा गुण कापलेला दिसे. ते पाहून माझी छाती फुगली. या बाई आपल्यातल्याच आहेत, मी ण ला म्हणालो.

पण कादंबरी वेगळेच बोलत होती. तिच्यात एक आई होती. घरात ती दखनी उर्दू बोलायची आणि दारात आलेल्याशी मराठी. त्या मराठीत मी कुठेच नव्हतो. ती वेळेला वेल म्हणायची, जवळ ला जवल, काळजीला कालजी. ण सुद्धा तिच्याकडे नव्हता. ती पानी म्हणायची. आईशिवाय बाकीची सारी कादंबरी मात्र स्वच्छ, घरंदाज मराठीत लिहिलेली होती, आणि तिथे मी जागोजागी होतो. संपतने जसे लिहिले होते तसे जुळवले. बाईंनी ल लिहिला की तो ल लावायचा. "लिवणाऱ्यानं लिवलंय, आपण कोण सांगणार?" असे तो म्हणे.

त्यातले एक पान मला पाठ आहे. गोष्टीतली मुलगी नऊ वर्षांची असते. वाण्याच्या दुकानात आई म्हणते, "शेट, मला वेल नाही, लवकर द्या." मुलगी शाळेत नुकतीच पहिली आलेली असते. ती सगळ्यांसमोर म्हणते, "अम्मी, वेल नाही, वेळ! वेल भिंतीवर चढतो." दुकानातली माणसे हसतात, मुलीला शाबासकी देतात. आईही हसते. पण त्या दिवसापासून आई परक्यांशी मराठी बोलायचे सोडून देते. दुकानात, दवाखान्यात, शाळेत मुलगी बोलते आणि आई मागे उभी राहते. अशी वीस वर्षे जातात.

मग गोष्टीत पूर येतो. घर जाते. सगळ्यांना एका शाळेत हलवतात, तिथे एक कारकून टेबल मांडून यादी करत असतो. मुलगी आता मोठी आहे, ती नेमकी औषध आणायला गेलेली असते. रांगेत आई एकटी, कडेवर दीड वर्षाचा नातू. कारकून तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "तुमचं मूळ कुठलं?"

आई म्हणते, "माझं मूल? हे काय, कडेवर."

रांग हसते. कारकून कपाळाला हात लावतो. "अहो बाई, मूळ. कुठून आलात ते विचारतोय."

"आम्ही कुठून नाही आलो साहेब. नदी आली."

मुलगी औषध घेऊन मागे येऊन उभी असते. आईचे बोलणे ऐकून ती सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडते आणि तसेच मिटते. वीस वर्षांनी आई बोलते आहे, आणि जे बोलते आहे त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, हे तिला त्या रांगेत कळते. कारकून मुकाट्याने 'पुणे' लिहितो.

ही गोष्ट बाईंची स्वतःची आहे, आणि त्या रांगेतच त्यांना कादंबरी सुचली आहे, हे आम्हा खिळ्यांना उमगले होते. पंतांना उमगले नव्हते, कारण आम्ही गोष्ट वाचत होतो आणि पंत चुका शोधत होते. त्यांनी प्रूफवर एकेचाळीस लाल गोल केले. बहुतेक गोलांत माझेच नाव होते, थोड्यांत ण चे; वाण्याच्या दुकानातला वेल तेवढा, मुलगीच दुरुस्त करते म्हणून, त्यांनी सोडला होता.

त्यांनी हुस्नबानूबाईंना बोलावून घेतले. "बाई, बसा. आपलं मराठी उत्तम आहे, हे आधी सांगतो. मी सहसा सांगत नाही. पण ही आई मात्र ळ ला फारच घाबरते. सगळे दुरुस्त केलेत."

"पंत, ती तसंच बोलते," बाई म्हणाल्या.

पंतांनी हस्तलिखिताचे एक पान उचलले आणि उलटे केले. "या बाजूला 'कालजी' लिहिलं म्हणून आपण पोराचा अर्धा गुण कापलात. त्या बाजूला आपणच 'कालजी' लिहिता. कुठली बाजू खरी धरू?"

बाईंनी ते पान हातात घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. पंतांचा आवाज जरा खाली आला. "हे पाहा, लेखिकेचं नाव हुस्नबानू. पान उघडलं की दिसणार कालजी, वेल, जवल. लोक काय म्हणतील? बाईंना मराठी येत नाही. पुढचं पान कोणी वाचणार नाही. मी आपल्या भल्याचंच सांगतोय."

ते खरेच भल्याचे सांगत होते, मित्रांनो, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे अवघड होते. लहानपणापासून बाईंनी जीभ वळवून वळवून मला कमावले होते. 'यांचं मराठी किती छान हो,' असे लोक आश्चर्याने म्हणत, आणि त्या आश्चर्याचा त्यांना त्रासही होई आणि अभिमानही वाटे. ते सगळे एका पुस्तकाने जाणार असे त्यांना वाटले असावे. त्यांनी चष्म्याच्या काडीवरचा दोरा घट्ट केला. मग म्हणाल्या, "बरं. आपण म्हणता तसं."

संपतने चिमटा उचलला आणि एकेक ल उपसून तिथे ळ, न उपसून तिथे ण बसवू लागला. मला नेमके यादीच्या रांगेतल्या त्या वाक्यात बसवले. 'मूल' मधला ल निघाला आणि मी त्याच्या जागी ऐटीत उभा राहिलो. मला वाटले, ल हरला. आता गोष्टीतली आई म्हणत होती, "माझं मूळ? हे काय, कडेवर." त्यात काय बिघडले हे मला अजिबात कळले नाही. मी शुद्ध होतो, एवढे मला पुरेसे होते. त्या दिवशी बाईंनी आईला दुसऱ्यांदा गप्प केले होते, या वेळी निघायच्या एक हजार प्रतींत, आणि ते माझ्या तोंडून केले होते.

दोनच दिवसांनी ईद झाली. ईदच्या दुसऱ्या दिवशी हुस्नबानूबाई शीरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन छापखान्यात आल्या. बरोबर त्यांची आई होती, सुगराबी, आणि मुलगा नियाज. आपल्या हुस्नाचे पुस्तक कुठे छापते ते सुगराबींना बघायचे होते. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. पंतांनी एक चमचा चाखला आणि म्हणाले, "गोड जरा जास्त आहे," आणि दुसरी वाटी पुढे केली.

खाऊन झाल्यावर पंत म्हणाले, "आलाच आहात तर पुराच्या पानांचं शेवटचं प्रूफ वाचून टाकू. उद्या छपाईला चढवायचंय." बाईंनी हस्तलिखितावर बोट ठेवले. सुगराबी स्टुलावर बसल्या आणि नातवाला मांडीवर घेतले. त्यांना मराठी वाचता येत नव्हते. लेकीची गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकणार होत्या.

पंतांनी आपल्या सुरात सुरुवात केली. पूर आला पूर्णविराम. घर गेले पूर्णविराम. सुगराबी मान डोलावत ऐकत होत्या. रांग आली, कारकून आला.

"तुमचं मूळ कुठलं प्रश्नचिन्ह. आई म्हणाली स्वल्पविराम माझं मूळ प्रश्नचिन्ह हे काय स्वल्पविराम कडेवर पूर्णविराम."

"मास्तर," सुगराबी म्हणाल्या, "ही बाई कोन?"

"गोष्टीतली आई आहे."

"लई शुद्ध बोलते. शिकलेली दिसते."

पंतांना बरे वाटले. "हो. म्हणजे, आता बोलते."

"मग तिला साहेबाचं बोलनं कसं नाही कललं?" सुगराबींनी अगदी साधेपणाने विचारले. "इतकं शुद्ध येतंय, तर साहेब झाडाचं मूल विचारतो की मान्साचं मूल, हे तिला कलायला पायजे. कडेवरचं पोर कशाला दाखवते?"

पंतांनी प्रूफ डोळ्यांजवळ धरले आणि ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मलाही ती तेव्हाच पहिल्यांदा कळली. कडेवर मूळ! वाक्यात मी शुद्ध उभा होतो आणि वाक्य मेले होते. शिशाला लाज वाटत नाही असे म्हणतात, ते खोटे आहे.

सुगराबी बोलतच होत्या. "पुरात माझ्यासंगपन असंच झालं, मास्तर. पन मी अडानी. माझ्या जिभेवर दोन्ही एकच, म्हनून मी गडबडले. लोक हसले. ही कशी चुकली?"

हुस्नबानूबाईंनी बोट कागदावरून उचलले. "अम्मी, ती तूच आहेस."

"मी?" सुगराबींनी लेकीकडे बघितले, मग पंतांच्या हातातल्या कागदाकडे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "मग मला कुठं ठेवलंस?"

बाईंना रडू फुटले. इतकी शिकलेली बाई छापखान्याच्या मधोमध लहान मुलीसारखी रडली. "मला भीती वाटली, अम्मी. लोक म्हणतील हिला मराठी येत नाही."

सुगराबींनी नातवाला खाली ठेवले आणि पदराने लेकीचे तोंड पुसले. "तुला येतं ना? मग झालं. मला नाही येत ते मला नाही येत. त्यात तुझं काय जातं?"

पंत उठले. त्यांनी संपतपुढे हात केला. "चिमटा दे."

"राहू द्या पंत, मी काढतो की."

"चूक तुझी नाही. दे."

तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने त्या दुपारी एकेचाळीस ठिकाणी आपली चूक काढली. दोनदा चिमटा घसरला. सगळ्यांत शेवटी त्यांनी मला उपसले आणि ल ला परत बसवले. मग ओळीवर शाई फिरवून नवा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "आई म्हणाली, माझं मूल? हे काय, कडेवर. आम्ही कुठून नाही आलो साहेब. नदी आली." वाचताना पंत पूर्णविराम म्हणायला विसरले. संपतने हळूच केसमधल्या ण कडे पाहिले असे मला वाटले, पण तो बहुधा डोळे पुसत असावा.

"पण पंत, लोक?" बाईंनी विचारले.

"म्हणू देत की. पुण्यात लोकांनी नावं ठेवली नाहीत, तर पुस्तक निघाल्याचं कळणार कसं?"

मी अजून तिथेच बाजूला पडलो होतो. त्यांनी मला उचलून हुस्नबानूबाईंच्या तळहातावर ठेवले. "हा आपल्या आईच्या ओळीतून काढलेला ळ. जवळ ठेवा. परत कधी आईला दुरुस्त करावंसं वाटलं तर याच्याकडे बघा." मालक म्हणाले की एक खिळा कमी पडेल. पंत म्हणाले, "पडू दे. शहरात ळ पुष्कळ आहेत, आणि सगळे स्वतःला एकमेव समजतात." ते माझ्याकडे बघून म्हणाले असे नाही, पण मला लागायचे ते लागले.

अशी माझी नोकरी सुटली. बाईंच्या घरी त्यांच्या लिहायच्या टेबलावर, टाचण्यांच्या वाटीत माझी सोय झाली. पहिल्याच संध्याकाळी सुगराबींनी मला तळहातावर घेऊन तोलून पाहिले. "हाच का तुमचा तो ल? बाई गं, केवढा जड. म्हणून माझ्या जिभेला उचलत नाही." सगळे घर हसले. मी पण हसलो असतो, पण मला माथ्यावर अक्षर आहे, तोंड नाही. त्या आजींवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. नियाज मला शाईत बुडवून भिंतीवर, वह्यांवर, एकदा तर आजीच्या गालावर ळ उमटवायचा. इतकी अप्रतिष्ठा होऊनही मला त्याचा राग आला नाही.

कादंबरी निघाली. तिचे नाव 'मूल' ठेवले होते. लोकांनी वाचली, आणि काहींनी पंत म्हणाले होते तेच केले. छापखान्यात पोस्टकार्डे येऊ लागली: पुस्तकात मुद्रणदोष फार आहेत, ळ च्या जागी ल पडला आहे, लेखिकेला भाषा शिकवावी. पंत प्रत्येकाला स्वहस्ते उत्तर धाडत. एक उत्तर बाईंनी जपून ठेवले होते, ते असे: "महाशय, आपण दाखवलेले एकेचाळीस दोष मी स्वतः तपासून घातले आहेत. आपल्या पत्रात मात्र तीन आहेत, तेही दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. आपला, दिगंबर." पण दुसरीही पत्रे आली. साताऱ्याहून एका बाईंनी लिहिले, 'माझी सासू कानडी, ती अशीच चुकत बोलायची, मी तिला फार हसले.' ते पत्र बाईंनी आईला वाचून दाखवले, आणि सुगराबींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

नंतर एक गंमत झाली. सुगराबी बोलू लागल्या. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, नियाजच्या शाळेतल्या बाईंशी, सगळ्यांशी स्वतः बोलायला पुढे होऊ लागल्या. हुस्नबानूबाई मागे उभ्या राहायच्या. घरी आल्या की आईचे एखादे वाक्य टिपून ठेवायच्या. पुढे त्यांनी आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. कधी अडल्या की लेखणी ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन लसूण सोलत बसायच्या. परत यायच्या तेव्हा गोष्ट पुढे सरकलेली असे. लोक विचारत, तुम्हाला सुचतं कुठून? त्या सांगत, "लसूण सोलताना." लोकांना तो विनोद वाटे.

मग छापखान्यांत नवी यंत्रे आली आणि शनिवार पेठेतल्या माझ्या भावंडांना वितळवून टाकले. ण सुद्धा गेला. संपतने येऊन सांगितले तेव्हा बाईंनी मला वाटीतून काढून पुसले, इतकेच. त्यानंतर काही वर्षे मला कोणी हात लावला नाही. घर कात्रजला हलले, टेबल बदलले, मी टाचण्यांखाली गाडला गेलो. पूर्वीचा मी असतो तर रुसलो असतो. पण रोज कानावर सुगराबींचा आवाज येई, "हुस्ना, खूप वेल झाला, जेव," आणि माझे तेवढ्यावर भागत असे.

एका हिवाळ्यात तो आवाज थांबला. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. घर माणसांनी भरले आणि मग रिकामे झाले. हुस्नबानूबाई महिनाभर एक अक्षर लिहू शकल्या नाहीत. लसूणही सोलला नाही. आवाज आठवत नाही, असे त्या एकदा नियाजला म्हणाल्या. चेहरा दिसतो पण आवाज येत नाही. त्या काळी घरोघरी आवाज धरून ठेवायची यंत्रे नव्हती.

नियाज तेव्हा कॉलेजात होता. त्याने कपाटातून 'मूल' काढले, त्या रांगेचे एकोणचाळिसावे पान उघडले आणि वाचू लागला. तो पुण्यात वाढलेला, माझा उच्चार त्याचा अगदी खणखणीत. पण त्याने पानावर होते तसेच वाचले. "माझं मूल? हे काय, कडेवर." पुढे आईची सगळी वाक्ये त्याने तशीच वाचली. पानी, कालजी, वेल, जवल. हुस्नबानूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वाचून झाले तेव्हा त्या उठून बसल्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचले. त्या संध्याकाळी त्याने ते पान किती वेळा वाचले ते मी मोजले नाही. पंतांनी त्या दुपारी मला उपसले नसते तर त्या घरात वाचायला काय उरले असते, याचाच विचार मी करत होतो.

मित्रांनो, शुद्धलेखनाच्या वहीत मला जरूर जपा. तिथे मला विसरलात तर गुण जातील, आणि ते जायलाच हवेत. पण घरात, शेजारी, वर्गात एखाद्याच्या जिभेला मी जड होत असेन तर हसू नका. दुरुस्त करायची घाई झाली तर आधी त्याचे वाक्य पुरते ऐकून घ्या, आणि मग ठरवा. माणसे जातात, आणि जाताना आपले बोलणे घेऊन जातात. ते जसे होते तसे कोणीतरी ठेवावे लागते.

माझ्या आयुष्यात मी हजारो पाने छापली. कोशात होतो, स्तोत्रांत होतो, लग्नपत्रिकांत तर किती वेळा होतो. पण मला कोणी विचारले की तुझे सर्वांत चांगले पान कोणते, तर मी त्या एकोणचाळिसाव्या पानाचे नाव सांगतो. त्या पानावर आईच्या तोंडी मी कुठेच नाही. तिथे सुगराबी आहेत.